जळकोटच्या परसबागेचे पंचांग

लातूर जिल्ह्यातील जळकोट हे उदगीरच्या उत्तरेस, बालाघाटाच्या डोंगराळ पठारावर वसलेले तालुक्याचे ठिकाण आहे. नांदेड जिल्ह्यातील कंधार आणि मुखेड हे तालुके त्याचे शेजारी. १९९९ मध्ये हा स्वतंत्र तालुका अस्तित्वात आला. सोलापूर-हैदराबाद महामार्गावर, तुळजापूर तालुक्यातही जळकोट नावाचे गाव आहे. दोन्हींची गल्लत होऊ नये. लातूरच्या जळकोटचा बराच भाग माळरानाचा, मुरमाड जमिनीचा आणि पावसावर विसंबलेला आहे. अशा मुलखात बागकाम हा हौसेचा विषय ठरत नाही. घरामागच्या चार वाफ्यांत भाजी पिकते की नाही, यावर अनेक घरांतील ताटात भाकरीसोबत काय येणार हे ठरते.

या भागात बागकामाशी निगडित मेळावे, कार्यशाळा, प्रदर्शने आणि सणही वर्षभर होत असतात. त्यांच्या तारखा एका ओळीत मांडल्या, तर पेरणीपासून काढणीपर्यंतचे एक पंचांगच तयार होते. मात्र या पंचांगात एक मोठी रिकामी जागा आहे आणि मराठवाड्यातील बहुतेक परसबागा नेमक्या त्याच काळात वाळून जातात.

वाळवंट नव्हे, पण कोरडा मुलूख

वर्षाला २५० मिलिमीटरपेक्षा कमी पाऊस पडणाऱ्या प्रदेशाला सामान्यतः वाळवंट म्हणतात. राजस्थानातील जैसलमेरला तर सरासरी २०० मिलिमीटरही पाऊस मिळत नाही. लातूर जिल्ह्याची सरासरी ८०० मिलिमीटरच्या आसपास आहे. म्हणजे हा प्रदेश वाळवंट नाही. तो सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील अवर्षणप्रवण प्रदेश आहे. येथे प्रश्न केवळ पाऊस किती पडतो हा नसून तो कधी पडतो आणि पडल्यावर कोठे जातो हा आहे. बहुतांश पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. पठाराच्या उतारावरून आणि उथळ जमिनीवरून तो लवकर वाहून जातो. उरलेले आठ महिने विहीर, कूपनलिका आणि टँकर यांवर काढावे लागतात.

या परिस्थितीचे टोक २०१६ मध्ये देशाने पाहिले. २०१४ आणि २०१५ हे दोन पावसाळे लागोपाठ अपुरे गेल्यानंतर लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी पुरवावे लागले. दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी घेऊन निघालेली पहिली गाडी १२ एप्रिल २०१६ रोजी लातूरला पोहोचली. त्या वेळी सुमारे चार लाख वस्ती असलेल्या शहरात हे पाणी माणशी सव्वा लिटरच्या आसपास भरत होते. पुढे मोठ्या गाड्या आल्या आणि ऑगस्टपर्यंत हा पुरवठा चालू राहिला. जिथे पिण्याच्या पाण्याची ही अवस्था होऊ शकते, तिथे बागेचे नियोजन पाण्यापासूनच सुरू करावे लागते.

१८ मे : खरिपाची तयारी

मराठवाड्यातील शेतीशिक्षणाचे मुख्य केंद्र म्हणजे परभणीचे कृषी विद्यापीठ. त्याची स्थापना १८ मे १९७२ रोजी झाली आणि २०१३ पासून ते वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ या नावाने ओळखले जाते. स्थापनादिनाचे औचित्य साधून दरवर्षी १८ मेच्या सुमारास येथे खरीप शेतकरी मेळावा भरतो. तज्ज्ञांची तांत्रिक सत्रे, शेतकऱ्यांच्या प्रश्नांना उत्तरे, प्रदर्शनातील दालने आणि विद्यापीठाच्या बियाण्यांची विक्री असे त्याचे स्वरूप असते. मृग नक्षत्र ७ जूनच्या आसपास लागते. म्हणजे पेरणीपूर्वी सुमारे तीन आठवडे बियाणे हाती येते.

मेळाव्यातील चर्चेचा मोठा भाग सोयाबीन, तूर, कापूस या शेतपिकांचा असतो. परसबागेसाठी येणाऱ्यांनी म्हणून आपले प्रश्न आधीच लिहून न्यावेत. भेंडीचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. ‘परभणी क्रांती’ हे भेंडीचे वाण याच विद्यापीठाने १९८०च्या दशकात विकसित केले. भेंडीची पाने पिवळी पाडणाऱ्या केवडा रोगाला तोंड देणारे वाण म्हणून ते देशभर पोहोचले. हा रोग पांढऱ्या माशीमुळे पसरतो आणि एकदा झाड पिवळे पडले की त्यावर औषध नाही. तेव्हा वाणाची निवड हाच त्यावरचा पहिला उपाय ठरतो.

खरिपात परसबागेचे काम तुलनेने सोपे असते, कारण पाणी आकाशातून येते. कुंपणावर दोडका, कारले, वाल आणि दुधी भोपळा चढवावा. मोकळ्या जागेत गवार, भेंडी, अंबाडी व चवळी पेरावी. विद्यापीठ शेतकऱ्यांना ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी न करण्याचा सल्ला देते. परसबागेतही पहिल्याच सरीला घाई करू नये. वळवाचा ओलावा दोन दिवसांत उडतो आणि उगवलेले रोप जळून जाते.

जुलै ते सप्टेंबर : रोपे, रानभाज्या आणि पोषण

१ जुलै हा माजी मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांचा जन्मदिवस महाराष्ट्रात कृषी दिन म्हणून साजरा होतो. जुलैचा पहिला आठवडा वनमहोत्सवाचा असतो. तत्कालीन केंद्रीय मंत्री क. मा. मुन्शी यांनी १९५० मध्ये सुरू केलेला हा उपक्रम आजही चालू आहे. परसबागेच्या दृष्टीने हा आठवडा बहुवार्षिक झाडांचा होय. शेवगा, कढीपत्ता, लिंबू, हादगा यांची रोपे या काळात लावल्यास त्यांना मुळे खोलवर नेण्यासाठी तीन महिन्यांची ओल मिळते. त्यांतील शेवगा आणि कढीपत्ता पुढच्या उन्हाळ्यात फार कमी पाण्यावर तग धरतात.

ऑगस्टमध्ये कृषी विभागाच्या वतीने रानभाजी महोत्सव भरविले जातात. घोळ, तांदुळजा, कुर्डू, तरोटा, पाथरी अशा भाज्या तेथे मांडल्या जातात आणि त्या ओळखण्याची, निवडण्याची, शिजविण्याची माहिती दिली जाते. या महोत्सवांचे महत्त्व खाद्यप्रदर्शनापुरते नाही. या भाज्या कोणी पाणी न घालता उगवतात. त्यांतील घोळ आणि तांदुळजा परसात राखून बी धरले, तर पुढच्या वर्षी बाजारातून बियाणे आणावे लागत नाही. अनोळखी भाजी मात्र जाणत्या माणसाला दाखविल्याशिवाय खाऊ नये.

सप्टेंबर हा २०१८ पासून देशभर पोषण माह म्हणून पाळला जातो. अंगणवाड्या, शाळा आणि ‘उमेद’ अभियानातील महिला बचत गट या निमित्ताने परसबागा तयार करतात. काही ठिकाणी स्पर्धाही होतात. बाग डोळ्यांसमोर तयार होत असल्याने शिकण्यासाठी हा चांगला काळ आहे.

१७ सप्टेंबर : रब्बीचा दिवस

१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतात विलीन होऊन मराठवाडा मुक्त झाला. या दिवशी सकाळी सर्वत्र ध्वजवंदन होते आणि परभणीच्या विद्यापीठात रब्बी शेतकरी मेळावा भरतो. परसबागेच्या दृष्टीने वर्षातील ही सर्वांत मोलाची तारीख मानावी लागेल. जमिनीत ओल असते, ऊन उतरणीला लागलेले असते आणि परतीच्या पावसाची आशा असते. वांगी, टोमॅटो, मिरची, कोबी यांची रोपे सप्टेंबरमध्ये गादीवाफ्यावर तयार करून ऑक्टोबरमध्ये लावता येतात. मेथी, पालक, शेपू, कोथिंबीर, चुका आणि मुळा एकदम न पेरता दर पंधरा दिवसांनी थोडा थोडा पेरावा. म्हणजे भाजी एकाच आठवड्यात येऊन वाया जात नाही.

विद्यापीठाच्या विक्रीकेंद्रावर मिळणारे ट्रायकोडर्मा किंवा ‘बायोमिक्स’ हे जैविक मिश्रण रोपांच्या मुळकुजीसाठी उपयोगी पडते. ज्यांना परभणी गाठणे शक्य नाही, त्यांच्यासाठी लातूर येथील आणि नांदेड जिल्ह्यातील सगरोळी येथील कृषी विज्ञान केंद्रे जवळची आहेत. महिला आणि ग्रामीण युवकांसाठी प्रशिक्षण देणे हा अशा केंद्रांच्या नेमून दिलेल्या कामाचाच भाग आहे.

वेळ अमावस्या आणि माळेगावची यात्रा

मार्गशीर्षातील अमावस्या लातूर, धाराशिव आणि लगतच्या भागात वेळ अमावस्या किंवा ‘येळवस’ म्हणून साजरी होते. शेजारच्या कर्नाटकात हाच दिवस एळ्ळ अमावस्या या नावाने पाळला जातो. डिसेंबरच्या उत्तरार्धात किंवा जानेवारीच्या पूर्वार्धात येणाऱ्या या दिवशी शहरे ओस पडतात आणि शिवारे माणसांनी भरतात. शेतात कडब्याची कोप उभारून पांडवांची पूजा केली जाते. त्यानंतर नातेवाईक आणि मित्रमंडळींसह भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील आणि खीर यांचे वनभोजन होते.

भज्जीकडे बागकामाच्या नजरेने पाहिले, तर ती त्या आठवड्याच्या शिवाराची यादीच असते. तुरीचे कोवळे दाणे, हरभऱ्याचे सोले, वाटाणा, वाल, हिरव्या पालेभाज्या आणि चिंचेचा कोळ असे जे जे तयार असेल ते तिच्यात पडते. पाऊस चांगला झालेल्या वर्षी यातले बरेचसे घरचे असते. दुष्काळी वर्षी हेच जिन्नस बाजारातून आणावे लागतात आणि घरातल्या सर्वांना त्या वर्षाचा हिशोब न सांगता कळतो.

याच सुमारास, अमावस्येच्या आदल्या दिवशी म्हणजे मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला, नांदेड-लातूर मार्गावरील माळेगाव येथे खंडोबाची यात्रा सुरू होते. दक्षिणेतील मोठा पशुबाजार म्हणून ती प्रसिद्ध आहे. नांदेड जिल्हा परिषदेच्या वतीने यात्रेत कृषी प्रदर्शन भरते आणि फळे, भाजीपाला यांचे उत्तम नमुने मांडले जातात. वेळ अमावस्या आणि माळेगाव मिळून होणारा हा आठवडा या मुलखातील बागकामाचा वार्षिक उत्सव म्हणता येईल. तेथे दिसलेले चांगले फळ ज्याचे आहे त्याला वाण, पेरणीची तारीख आणि पाण्याच्या पाळ्या विचारून घेतल्या, तर ती माहिती आपल्याच हवामानातील असल्याने अधिक उपयोगी ठरते.

३ जानेवारी : महिलांचा मेळावा

सावित्रीबाई फुले यांच्या जयंतीनिमित्त ३ जानेवारीच्या सुमारास परभणीच्या विद्यापीठात महिला शेतकरी मेळावा होतो. तीनही मेळाव्यांत परसबागेच्या सर्वांत जवळचा हाच होय. परसबाग सांभाळण्याचे काम प्रत्यक्षात बहुतेक घरांत महिलाच करतात आणि तिला घालायचे पाणीही त्याच आणतात. जानेवारीत हिवाळी भाज्यांचा बहर असतो. बी धरण्यासाठी निरोगी झाडावरची चांगली फळे याच वेळी खूण करून राखावीत, भाजी वाळवून ठेवावी आणि पुढच्या महिन्यांची तजवीज करावी.

१३५ दिवसांची पोकळी

या तीन मेळाव्यांमधील अंतर मोजले असता पंचांगातील रिकामी जागा स्पष्ट दिसते. १८ मे ते १७ सप्टेंबर हे अंतर १२२ दिवसांचे आहे, १७ सप्टेंबर ते ३ जानेवारी १०८ दिवसांचे. ३ जानेवारी ते १८ मे या काळात मात्र १३५ दिवस जातात. मेळाव्यांच्या तारखा पेरणीच्या हंगामांना धरून असल्याने हे स्वाभाविकच आहे. शेतात उन्हाळ्यात पेरणी नसते. परसबागेतील झाडे मात्र उन्हाळ्यातही उभी असतात. वर्षातील सर्वांत कठीण काळ आणि मार्गदर्शनाचा सर्वांत लांब खंड असे एकाच वेळी येतात.

मार्चमध्ये १६ ते २२ तारखांना राज्यात जलजागृती सप्ताह पाळला जातो. त्याचा भर पाण्याच्या एकूण काटकसरीवर असतो. कोणते झाड ठेवावे आणि कोणते काढावे, हे सांगणे हा त्याचा उद्देश नव्हे. शाळांच्या परसबागांना तर दुहेरी फटका बसतो. पाणी आटू लागते आणि त्याच सुमारास उन्हाळी सुटी सुरू होऊन बाग राखणारी मुले घरी जातात. जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा बाग नव्याने सुरू करावी लागते.

या काळातील पहिला नियम म्हणजे बाग लहान करणे. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. एप्रिलमध्ये भाजीच्या वाफ्याला चौरस मीटरमागे दिवसाला किमान ५ लिटर पाणी लागते असे धरले, तर चार मीटर बाय पाच मीटरच्या बागेला रोज १०० लिटर, म्हणजे पंधरा लिटरच्या सुमारे सात बादल्या लागतील. टंचाईत हे शक्य नाही. भाज्या-धान्य धुतलेले पाणी धरून घरातून दोन बादल्या, म्हणजे ३० लिटर निघाले, तर सहा चौरस मीटरची बाग जगते. तेव्हा फेब्रुवारीअखेर वीसपैकी चौदा चौरस मीटर मोकळे करावेत. तसे केले नाही, तर तेवढेच पाणी सगळीकडे थोडे थोडे पडते आणि कोणतेच झाड वाचत नाही.

दुसरा नियम आच्छादनाचा. सोयाबीनचे भुसकट, वाळलेला पाला किंवा उसाचे पाचट दोन ते तीन इंच जाडीने पसरावे. भुसकट लातूर भागात सहज मिळते. तुराट्यांचा मांडव करून त्यावर जुनी साडी ताणली की दुपारच्या उन्हाचा मारा कमी होतो.

तिसरा उपाय मडका सिंचनाचा. रंग न दिलेले, सच्छिद्र मातीचे मडके झाडाजवळ गळ्यापर्यंत पुरून पाण्याने भरावे आणि तोंड झाकावे. जमीन कोरडी पडेल तसे पाणी झिरपते. ओल असेल तेव्हा झिरपणे मंदावते. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या चिनी शेतीग्रंथात या पद्धतीचे वर्णन आढळते. भोपळा, कारले, टोमॅटो अशा पिकांना ती चांगली मानवते. पाझर कमी झालेले घरचे जुने मडके मात्र या कामी उपयोगाचे नाही.

सांडपाण्याबाबत थोडी सावधगिरी हवी. न्हाणीचे साबणमिश्रित पाणी केळी, कर्दळ किंवा फळझाडाच्या अळ्यात सोडावे. पालेभाज्या आणि कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या मुळा-गाजरासारख्या भाज्यांना ते देऊ नये.

चौथा उपाय पावसाळ्यातच करायचा असतो. पन्नास चौरस मीटरच्या सिमेंटच्या किंवा पत्र्याच्या छतावर ८०० मिलिमीटर पाऊस पडला, तर ४०,००० लिटर पाणी येते. पाचवा हिस्सा वाया गेला असे धरले, तरी ३२,००० लिटर उरते. आता रोज ३० लिटरप्रमाणे १३५ दिवसांची गरज काढली, तर ती ४,०५० लिटर भरते. म्हणजे छतावरील पाण्याच्या आठव्या हिश्श्यात, झाकलेल्या एका पाच हजार लिटरच्या टाकीत, लहान केलेली बाग उन्हाळा काढू शकते. जुन्या माळवदावरचे पाणी मातीमुळे गढूळ येते. तेथे गाळणखड्डा करावा लागतो. पाऊस निम्म्यावर आला, तरीही हे गणित जुळते.

इतर कोरड्या प्रदेशांचा अनुभव

जोधपूर येथे १९५९ पासून कार्यरत असलेली केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्था, म्हणजेच ‘काझरी’, बोर, गुंदा, खेजडी अशा कमी पाण्यावरील झाडांचा अभ्यास करते. तेथील गावांत पावसाचे पाणी साठविणारी टांकी घराचाच भाग असतात. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात फिनिक्स येथे १९३९ मध्ये स्थापन झालेल्या वाळवंटी वनस्पती उद्यानात रोपविक्रीचे मेळावे वसंतात आणि शरदात भरतात, कारण भर उन्हाळ्यात लावलेले रोप जगणे अवघड असते. त्याच राज्यातील टूसॉन येथे १९८३ पासून स्थानिक, कोरड्या हवेला सरावलेल्या बियाण्यांचे जतन करणारी संस्था काम करते. या सर्व ठिकाणी लागवडीचे वेळापत्रक उष्णता आणि पाणी पाहून आखले जाते, तसेच उन्हाळ्यात झाडे जगविणे हाही शिकविण्याचा विषय मानला जातो.

कार्यशाळेला जाताना

लातूर, नांदेड, पुणे किंवा मुंबईतील गच्चीवर बाग करणाऱ्यांनाही हे पंचांग लागू पडते. कुंडीतील माती तर जमिनीपेक्षा लवकर तापते आणि सुकते. कोणत्याही कार्यशाळेला जाण्यापूर्वी आपल्या जागेचे क्षेत्रफळ, ऊन किती तास येते आणि उन्हाळ्यात रोज किती लिटर पाणी खात्रीने उपलब्ध असेल, हे तीन आकडे लिहून न्यावेत. संकरित बियाण्यांचे घरी धरलेले बी मूळ झाडासारखे निपजत नाही. त्यामुळे बी घेताना ते सरळ वाणाचे आहे काय हे विचारावे. मेळाव्यांच्या तारखा एखाद्या वर्षी पुढेमागे होतात. निघण्यापूर्वी कृषी विज्ञान केंद्रात किंवा तालुका कृषी कार्यालयात चौकशी करावी.

आणि एक प्रश्न ३ जानेवारीच्या मेळाव्यात आवर्जून विचारावा : आज बागेत जे आहे, त्यातले १८ मेपर्यंत काय टिकवायचे? शेवगा, कढीपत्ता, लिंबू आणि सावलीतला एक पालेभाजीचा वाफा एवढे उत्तर मिळाले तरी पुरे आहे. जूनमध्ये मृगाची पहिली सर येईल तेव्हा त्या घरची बाग रिकाम्या जमिनीपासून सुरू होणार नाही.